फायटर पायलटचा कॉलसाइन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लोहगावच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाला विमानांचं वेड असेल तर सोसायटीतली पोरं त्याला सुखेनैव चहा पिऊ देत नाहीत. सुखोई डोक्यावरून गेलं की प्रश्न सुरू. "काका, आत्ता जो गेला त्याचा कॉलसाइन काय असेल?" गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कॉलसाइन म्हणजे टोपणनावच ना?

अर्धंच बरोबर. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एक असतो रेडिओवरचा कॉलसाइन. तो त्या दिवसाच्या उड्डाणाचा, त्या तुकडीचा असतो. चार विमानं निघाली तर चौघांना मिळून एक शब्द आणि पुढे प्रत्येकाचा आकडा. दुसरं असतं माणसाचं स्वतःचं नाव, सोबत्यांनी ठेवलेलं. ते मेसमध्ये चालतं, हेल्मेटवर रंगवलेलं असतं, छातीवरच्या पट्टीवर शिवलेलं असतं.

दोन्हींतला फरक एका रात्रीतून चांगला कळतो. २ जून १९९५ रोजी अमेरिकन हवाई दलाचा कॅप्टन स्कॉट ओग्रेडी याचं एफ-१६ बोस्नियावर क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. त्या दिवशी तो रेडिओवर 'बॅशर ५२' होता. मित्रांमध्ये त्याला 'झुलू' म्हणत. सहा दिवस तो झाडीत लपून राहिला, पानं आणि मुंग्या खाऊन. ८ जूनच्या मध्यरात्रीनंतर त्याच्याच स्क्वॉड्रनच्या टी. ओ. हॅनफर्डला रेडिओवर 'बॅशर ५२' असा क्षीण आवाज ऐकू आला. आता हा खरंच ओग्रेडी की शत्रूनं लावलेला सापळा? रेडिओवरचा कॉलसाइन तर ऐकणाऱ्या कुणालाही ठाऊक होऊ शकतो. म्हणून हॅनफर्डनं विचारलं, कोरियात असताना तू कुठल्या स्क्वॉड्रनमध्ये होतास? उत्तर आलं, 'जुव्हॅट्स'. कुनसान तळावरच्या ८०व्या फायटर स्क्वॉड्रनचं हे नाव. मग खात्री पटली आणि सकाळी मरीन कोअरच्या हेलिकॉप्टरांनी त्याला उचललं.

म्हणजे 'बॅशर ५२' हे नाव कामाचं, पण माणूस ओळखायला त्याच्या गोतावळ्यातलीच खूण लागली.

साधं नाव घेऊन का बोलत नाहीत?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रुपमध्ये "अरे पाटील" अशी हाक मारून बघा. चौघं वळतात. आकाशात ताशी हजार किलोमीटरनं जाताना चौघांनी वळणं परवडत नाही, शब्दशः. शिवाय रेडिओवर खरखर असते, दोघं एकदम बोलले तर दोघांचंही कापलं जातं, आणि ऐकणाऱ्यांत शत्रूही असतो. म्हणून हाक छोटी हवी, कान सहज पकडेल अशी हवी, दुसऱ्या कुणाच्या नावाशी जुळणारी नको. दोन अक्षरांचा ठसठशीत शब्द सगळ्यात बरा.

मराठीत 'हाक' हा शब्द इतका नेमका आहे की 'कॉलसाइन'ला वेगळा प्रतिशब्द शोधायची गरज मला कधी वाटली नाही. हाक मारायची खूण, एवढंच ते आहे.

ही पद्धत सुरू कधी झाली?

पायलटांना टोपणनावं पहिल्या महायुद्धापासून आहेत. मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन विमान लाल रंगवायचा आणि घराण्यानं सरदार होता, म्हणून तो 'रेड बॅरन'. पण ते बाहेरच्यांनी दिलेलं बिरुद, सोबत्यांची हाक नव्हे.

खरी मजा दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्समध्ये काही टोपणनावं आडनावाला जन्मतःच चिकटलेली असत. मिलर असेल तर 'डस्टी', कारण पिठाची गिरणी चालवणाऱ्याच्या अंगावर भुकटी असणारच. व्हाइट असेल तर 'चॉकी', खडूवरून. बेल असेल तर 'डिंगर'. माणूस कसा आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. अॅडॉल्फ मलान हा दक्षिण आफ्रिकेचा पायलट आधी व्यापारी जहाजांवर होता म्हणून 'सेलर'. (अॅडॉल्फ या नावानं त्या काळात ब्रिटिश विमानतळावर हाक मारणं कसं वाटलं असतं, याचाही विचार करा.) दोन्ही पाय गमावलेला डग्लस बेडर रेडिओवर 'डॉग्जबॉडी' होता, त्याच्या डी. बी. या आद्याक्षरांवरून. इंग्रजीत डॉग्जबॉडी म्हणजे सगळ्यांची पडेल ती कामं करणारा हरकाम्या. बेडरचा स्वभाव हरकाम्याचा अजिबात नव्हता, म्हणून ते आणखी शोभलं.

अमेरिकन मरीन कोअरमधला ग्रेगरी बॉयिंग्टन एकतिशीचा होता. हाताखालची पोरं विशीतली. म्हणून तो 'ग्रॅम्प्स' आणि पुढे 'पॅपी', म्हणजे आपल्याकडे एखाद्या तरण्याताठ्या माणसाला 'आजोबा' म्हणतात तसं.

एक नाव तर सरकारी थापेसाठी वापरलं गेलं. रात्री जर्मन बॉम्बर पाडणारा जॉन कनिंगहॅम 'कॅट्स आइज', म्हणजे मांजरडोळ्या, म्हणून प्रसिद्ध झाला. गाजरं खाऊन त्याची नजर तीक्ष्ण झाली, असं ब्रिटिश वर्तमानपत्रांतून सांगितलं गेलं. खरं कारण होतं विमानात बसवलेलं रडार, आणि ते जर्मनांना कळू द्यायचं नव्हतं. आपल्या घराघरांत मुलांना "गाजर खा, डोळे चांगले होतात" असं सांगतात. त्या समजुतीला बळ देण्यात या बिचाऱ्या कनिंगहॅमचाही वाटा आहे.

अमेरिकेत प्रत्येक लढाऊ पायलटला स्वतःचं एक नाव असायलाच हवं, ही रीत व्हिएतनाम युद्धाच्या काळापासून रुजत गेली. १० मे १९७२ रोजी एकाच दिवशी तीन मिग पाडणारी जोडी म्हणजे रँडी कनिंगहॅम 'ड्यूक' आणि मागच्या आसनावरचा विली ड्रिस्कॉल 'आयरिश'. त्यांच्या फँटम विमानाचा रेडिओ कॉलसाइन वेगळाच होता: 'शोटाइम १००'.

तुकडीचे कॉलसाइन कोण ठरवतं? त्यात काही गंमत असते का?

ते नियोजनाचा भाग असतात, आणि गंमत कधीकधी असते. २ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकनांनी उत्तर व्हिएतनाममध्ये 'ऑपरेशन बोलो' केलं. फँटम विमानांनी बॉम्ब वाहणाऱ्या थंडरचीफ विमानांचं सोंग घेतलं: तोच मार्ग, तोच वेग, रेडिओवर तीच बोलण्याची ढब. मिग-२१ त्यांना सावज समजून वर आले आणि त्यांतले सात पाडल्याचा दावा अमेरिकनांनी केला. त्या दिवशी तुकड्यांना मोटारींची नावं होती: फोर्ड, रॅम्बलर वगैरे. पहिल्या तुकडीचं नाव 'ओल्ड्स', ओल्ड्समोबिल गाडीवरून. आणि म्होरक्याचं आडनाव? कर्नल रॉबिन ओल्ड्स.

नाव नक्की ठेवतं कोण?

बारशाला आत्या नाव ठेवते. इथे आत्याच्या जागी स्क्वॉड्रनमधले लोक असतात, आणि अमेरिकन नौदलात तर मुख्यतः ज्युनियर अधिकारीच. नवा पायलट पहिल्या स्क्वॉड्रनमध्ये आला की काही दिवस त्याला नाव नसतं, किंवा 'नवखा' याच अर्थाचं, पण जरा शिवराळ असं सगळ्यांचं सामाईक नाव असतं. मग एका संध्याकाळी, बहुतेक वेळा बिअरच्या साक्षीनं, सगळे जमतात. प्रत्येक जण एक नाव सुचवतो आणि त्यामागची गोष्ट सांगतो. गोष्टीत तिखटमीठ चालतं. किंबहुना लागतंच. ज्याचं बारसं आहे त्याला मत नसतं. तो तोंड उघडून सफाई देऊ लागला की हुर्यो होते.

मराठीत 'नावं ठेवणं' याचा अर्थ दोष काढणं असा होतो. कॉलसाइनच्या बारशाचं याहून चांगलं वर्णन दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. तिथे नाव ठेवतात, म्हणजे नावं ठेवतात.

मग ती नावं कशावरून येतात?

हॉलिवूडमुळे लोकांना वाटतं की ती सगळी वीज, वादळ, लांडगा, वाघ अशी दणदणीत असतात. प्रत्यक्षात तसं नाव मिळालं तर समजा की त्यामागे काहीतरी उपरोध आहे.

सर्वांत सोपा मार्ग आडनावाचा. कॅम्पबेल आडनाव असेल तर 'सूप', कारण त्या नावाच्या कंपनीचं डबाबंद सूप अमेरिकेत घरोघरी असतं. दुसरा मार्ग रूपाचा किंवा स्वभावाचा, आणि तो बहुधा उलटा लावतात. तिसरा आणि सर्वांत सुपीक मार्ग चुकांचा. चाक न उघडता उतरायला निघालेला, चुकीच्या धावपट्टीकडे वळलेला, पार्टीत अधिकाऱ्याच्या बायकोला भलतंच काही बोलून गेलेला. ती चूक पाच सेकंदांची असते, नाव तीस वर्षं राहतं. पुष्कळदा नाव दिसायला भारदस्त असतं पण ती आद्याक्षरं असतात, आणि पूर्ण वाक्य चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. एखाद्या अमेरिकन पायलटला त्याच्या कॉलसाइनचा अर्थ विचारलात आणि तो हसून विषय बदलू लागला, तर आग्रह करू नका.

माझं मत विचाराल तर यात निव्वळ टवाळी नाही. चूक लपवली की पुढचा कुणी त्याच चुकीनं मरतो. चूक नावातच कोरून ठेवली की ती लपवायचा प्रश्न उरत नाही, आणि नवख्या पोरानं "सर, तुम्हाला हे नाव का पडलं?" विचारलं की धडा आपोआप पुढे जातो.

नाव आवडलं नाही तर बदलून मिळतं का?

तक्रार केली तर याहून वाईट मिळतं. हा नियम लिहिलेला कुठेही नाही आणि सगळीकडे पाळला जातो. बदली होऊन दुसऱ्या स्क्वॉड्रनमध्ये गेल्यावर, किंवा आधीच्या चुकीला झाकोळून टाकील अशी नवी चूक केल्यावर, नाव बदलू शकतं. पण त्या नावानं युद्धात उड्डाण केलं असेल तर ते कायमचं, असा संकेत अमेरिकन हवाई दलात आहे.

आणि थट्टेची हद्द ओलांडली तर?

ओलांडली जाते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ओशियाना तळावरच्या नौदलाच्या प्रशिक्षण स्क्वॉड्रनमधून दोन कृष्णवर्णीय पायलटांना काढलं गेलं आणि त्यांनी तक्रार केली. २०१९ मध्ये बाहेर आलेल्या नौदलाच्या चौकशीत त्यांना काढण्यामागे वंशद्वेष आढळला नाही, पण तिथे ठेवले गेलेले काही कॉलसाइन मात्र वंशावरून टोचणारे, अनुचित निघाले. त्यानंतर नावं ठेवण्याच्या पद्धतीवर लक्ष ठेवण्याचं ठरलं. चुकीवरून ठेवलेलं नाव आणि जन्मावरून ठेवलेलं नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चूक सुधारता येते. आपल्याकडच्या गावांतही रंगावरून, व्यंगावरून, जातीवरून नावं पाडायची खोड आहे, त्यामुळे इथे नाक मुरडायला आपल्याला फारशी जागा नाही.

भारतीय हवाई दलात कसं असतं?

आपल्याकडे बारशाचा तमाशा कमी, आणि नाव पुष्कळदा स्क्वॉड्रनच्या आधीच पडलेलं असतं. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं एकत्र घाम गाळलेल्या मुलांनी ठेवलेलं नाव सहसा सुटत नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी आहेत. पंचाहत्तरी उलटली. त्यांच्या नातवाच्या मुंजीत एनडीएतले मित्र आले आणि सगळ्या मांडवात त्यांना शाळकरी नावानं हाका मारू लागले. काकूंना ते नाव माहीत होतं, सुनेला नव्हतं. सुनेनं विचारलं, "हे कुणाला बोलावतायत?"

नाव कापून छोटं करणं ही आपली आवडती रीत. अंतराळवीर ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचा कॉलसाइन 'शक्स' हे त्याचंच ताजं उदाहरण. जुन्यांमध्ये करुण कृष्ण मजुमदार हे 'जंबो' होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आणि पुढे युरोपच्या आघाडीवर लढून दोनदा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळवणारे. मे १९४८ मध्ये लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवणारे एअर कमोडोर मेहर सिंग सगळ्यांचे 'बाबा'. १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून भिंत फोडून तिघं निसटले, ते दिलीप पारुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. त्यांतले ग्रेवाल मित्रांचे 'गॅरी'. अफगाण सीमेच्या अगदी जवळ लंडी कोतलला तिघं पुन्हा पकडले गेले, तो वेगळाच विषय आहे.

पण माझ्यासाठी दोनच नावं अशी आहेत की त्यांचा विचार करताना अजूनही घसा दाटतो. श्रीनगर, १४ डिसेंबर १९७१ ची सकाळ. धुकं. पेशावरहून आलेली सहा सेबर विमानं धावपट्टीवर बॉम्ब टाकू लागली. तयारीत असलेली दोन नॅट विमानं उडाली. पहिल्यात फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन, स्क्वॉड्रनमध्ये 'जी-मॅन'. दुसऱ्यात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों. ते लहान-मोठ्या सगळ्यांना 'ब्रदर' म्हणत, म्हणून सगळे त्यांनाही 'ब्रदर'च म्हणत. धुक्यात दोघांची चुकामूक झाली. सेखों एकटेच सेबर विमानांच्या घोळक्यात शिरले, गोल गोल फिरत लढले. शेवटी त्यांचा आवाज रेडिओवर आला: मला लागलंय वाटतं, जी-मॅन, तू ये आणि यांना बघ. बस. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

त्या क्षणी माणसाच्या तोंडी हुद्दा आला नाही, आडनाव आलं नाही. मेसमध्ये रोज मारायची ती हाक आली.

त्याच्या तीन आठवडे आधी, २२ नोव्हेंबरला, बोयराच्या आकाशात चार नॅटांनी तीन सेबर विमानांना टिपलं, तेव्हा रेडिओवर आपल्या तुकडीचं नाव होतं 'कॉकटेल'. मॅसी, गणपती, लझारस आणि सोआरेस. गणपतींना सगळे 'गणा' म्हणत. आपल्याकडचं तुकडीचं नाव आणि माणसाचं नाव असं शेजारी-शेजारी बघायचं तर हा प्रसंग उत्तम.

स्त्री पायलटांची नावं वेगळी असतात का?

नियम तेच. अमेरिकन नौदलाची लढाऊ विमान उडवणारी कारा हल्टग्रीन सहा फुटांच्या आसपास उंच आणि कणखर, म्हणून आधी 'हल्क'. मग एकदा टीव्हीवर मुलाखतीसाठी तिला मेकअप करावा लागला आणि ती झाली 'रेव्हलॉन', सौंदर्यप्रसाधनांच्या त्या ब्रँडवरून. २५ ऑक्टोबर १९९४ रोजी अब्राहम लिंकन या विमानवाहू नौकेवर उतरताना तिचं एफ-१४ कोसळलं आणि ती गेली. हवाई दलातल्या किम कॅम्पबेलचं 'के. सी.' ही दिसायला नुसती आद्याक्षरं, पण पूर्ण रूप 'किलर चिक'. ७ एप्रिल २००३ ला बगदादवर तिच्या ए-१० विमानाला मारा बसला, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर विमान वळवणारी यंत्रणा, गेली, आणि तिनं तारा-दांड्यांच्या जोरावर तासभर ते हाकत तळावर सुखरूप उतरवलं. त्यानंतर तिच्या नावावर कुणी हसलं असेल असं वाटत नाही.

अंतराळवीरांनाही कॉलसाइन असतो?

रशियनांकडे फार देखणे असतात. गागारिन 'केद्र', म्हणजे देवदाराच्या जातीचं झाड. तेरेश्कोवा 'चाइका', म्हणजे समुद्रावरचा कुरव पक्षी, आणि ते नाव तिला जन्मभर चिकटलं. पुढे कमांडरचाच कॉलसाइन सगळ्या दलाला लागू झाला. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले ते मालिशेव यांच्या दलातून, आणि त्यांच्या दलाचा कॉलसाइन होता गुरू ग्रहावरून, 'युपितेर'.

प्रवासी विमानांचं काय?

तिथे कंपनीचा शब्द आणि फ्लाइटचा आकडा. ब्रिटिश एअरवेज 'स्पीडबर्ड', इंडिगो 'आयफ्लाय'. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं 'एअर फोर्स वन' हेही विमानाचं नाव नव्हे, कॉलसाइन आहे. १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांचं विमान आणि एक प्रवासी विमान, दोघांचा आकडा ८६१० असा एकच निघाला आणि गोंधळ झाला. त्यानंतर हा शब्द आला. राष्ट्राध्यक्ष हवाई दलाच्या ज्या विमानात बसतील, ते 'एअर फोर्स वन'.

कॉकपिटखाली ज्याचं नाव लिहिलंय तोच ते विमान उडवतो का?

नाही. विमान त्या दिवशी ज्याच्या वाट्याला येईल त्याचं.

'व्हाइट टायगर्स' हा कॉलसाइन आहे का?

तो स्क्वॉड्रनचा किताब. गोव्याच्या आयएनएस हंसावरची नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन 'व्हाइट टायगर्स' आणि ३०३ 'ब्लॅक पँथर्स'. दाबोळीला विमानाची वाट बघत बसलेल्यांना त्यांची मिग-२९के कधीकधी दिसतात, आणि कानात बोटं घालावी लागतात.

माझ्या मुलीला फायटर पायलट व्हायचंय. तिनं आपला कॉलसाइन 'वादळ' असा आत्ताच ठरवून ठेवलाय. चालेल का?

ठरवू दे. वहीवर लिहू दे, सायकलवर रंगवू दे. फक्त स्क्वॉड्रनमध्ये पहिल्या दिवशी "मला वादळ म्हणा" असं सांगू नको म्हणावं, नाहीतर रिटायर होईपर्यंत 'झुळूक'.